नॉरफोक ब्रॉड्स: सोळा माणसं, दोन बोटी, वाफेची गाडी आणि समुद्र

नदीकाठ

गेल्या महिन्यात इथेच कुणीतरी विचारलं होतं की आईवडील भारतातून आलेत, मुलं लहान आहेत, चार-पाच कुटुंबांनी मिळून आठवडाभर कुठे जावं. तिथे प्रतिसाद लिहायला बसले आणि तो लांबतच गेला, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आम्ही जूनमध्ये गेलो होतो, पाच कुटुंबं, एकूण १६ जण. सगळ्यात लहान ४ वर्षांची चिमुरडी, सगळ्यात मोठे माझे बाबा, वय ७४. त्याआधीच्या वर्षी याच मंडळींनी मिळून पाच दिवसांत पाच हॉटेलं अशी एक सहल केली होती. तेव्हाचं आठवतं ते म्हणजे रोज सकाळी बॅगा भरणं, गाड्यांची वाट पाहणं, आणि संध्याकाळी सुजलेल्या पायांनी आई गप्प बसलेली असणं. त्यामुळे यंदा मी हट्टच धरला. मुक्कामाची जागा एकच हवी, आणि ती जागाच चालती हवी. म्हणजे बोट.

इंग्लंडच्या पूर्व टोकाला, नॉरिच शहर आणि समुद्र यांच्या मध्ये ब्रॉड्स नावाचा पाणथळ प्रदेश आहे. ब्युअर, अँट, थर्न, येअर, वेव्हनी अशा संथ नद्या आणि त्यांना जोडलेली उथळ तळी. बोटीने फिरता येईल असे सुमारे २०० किलोमीटरचे जलमार्ग आहेत आणि नद्यांवर लॉक नाहीत. कालव्यावरच्या बोटीत दर थोड्या वेळाने उतरून दरवाजे ढकलावे लागतात, तसं इथे काही नाही. वेगाची मर्यादा जागेप्रमाणे ताशी ३ ते ६ मैल. म्हणजे काठावरून चालणारा माणूस आपल्या बरोबरीने येतो. आईला नेमकं तेच आवडलं. दोन दिवस ती खिडकीशी बसून होती. "इथे काही मागे पळत नाही गं," म्हणाली.

रॉक्सम-हॉव्हटनहून ८-८ जणांच्या दोन बोटी घेतल्या. परवाना लागत नाही. बोटयार्डचा माणूस अर्धा-पाऊण तास शिकवतो, नदीवर एक चक्कर मारायला लावतो आणि उतरून जातो. आमच्या एका बोटीचा फ्रीज पहिल्या रात्रीच बंद पडला. फोन केला तर दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस आला, तोवर दूध नासलं होतं. ताबा घेताना फ्रीज, पाण्याचा पंप, हीटर आणि शेगडीचे सगळे बर्नर स्वतः चालू करून पाहा. तेवढी दहा मिनिटं वाचवू नका.

पहिला मुक्काम रॅनवर्थला. तिथे धक्क्याला बोट लावताना मागचा भाग धक्क्याकडे करायचा असतो, म्हणजे उलट्या दिशेने आत शिरायचं. वारा आडवा होता आणि आमची बोट शेजारच्या बोटीच्या अंगावर जायला लागली. आमच्यातल्या एकाने सवयीने पाय पुढे केला. त्या बोटीवरच्या बाई एवढ्या जोरात ओरडल्या की त्याने पाय झटकन मागे घेतला. आधी आम्हाला त्या चिडल्याच वाटल्या. मग त्यांनी आमची दोरी हातात घेतली, खुंट्याला दोन वेढे दिले आणि शांतपणे सांगितलं, बोट आपटली तर रंग जातो, मध्ये पाय आला तर पाय जातो. टनावारी वजन असतं ते. त्या दिवसापासून दोन नियम केले. बोट आणि धक्का यांच्या मध्ये हातपाय घालायचा नाही, आणि दोरी घेऊन उडी मारायची नाही, बोट टेकल्यावर पाऊल टाकून उतरायचं. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट सकाळी दात घासल्यापासून झोपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सेंट बेनेट्स मठाचे अवशेष पाहिले. सपाट गवताळ कुरणात मठाची एक वेस तेवढी उभी आहे आणि अठराव्या शतकात कुणीतरी त्या वेशीतच पवनचक्की बांधली. आठव्या हेन्रीने देशभरातले मठ बंद केले, त्यातून हा एकच सुटला. नॉरिचचा बिशप आजही या मठाचा प्रमुख मानला जातो आणि दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी व्हेरी नावाच्या जुन्या शिडाच्या मालवाहू होडीतून प्रार्थनेसाठी इथे येतो. आई म्हणाली, "म्हणजे देव नाही तर देवाचा माणूस तरी पालखीसारखा येतो की." मला ते फार पटलं.

तिथून अँट नदीने हाऊ हिलला. इथे नदी अरुंद होते, दोन्ही बाजूंना बोरूच्या उंच भिंती. काठाला टोड होल कॉटेज नावाचं एक बुटकं घर आहे. पाणथळीत राबणाऱ्या माणसाचं घर होतं तसं ठेवलंय. बोरू कापायची हत्यारं, ईल मासे धरायचे भाले, आणि एवढ्याशा खोल्या. चुलीपुढे उभं राहून आईने फळीवरची भांडी एकेक करून पाहिली. कुठलं काय असेल ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

आता ज्या दिवसासाठी हा धागा लिहिते आहे तो दिवस.

बाबा १९७० साली भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. पुढे फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे झाले, नंतर वाफेची इंजिनं गेल्यावर इतर कामं केली आणि निवृत्त झाले. घरात त्यांनी इंजिनाबद्दल फारसं कधी सांगितलं नाही. आम्हाला माहीत होतं ते एवढंच की डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे आणि रात्री शिट्टी ऐकली की ते कूस बदलतात.

चौथ्या दिवशी बोटी रॉक्समला बांधून ठेवल्या आणि साध्या रेल्वेने शेरिंगमला गेलो. नॉरिचहून येणारी ही गाडी क्रोमरला थांबते, ड्रायव्हर चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलटी फिरून शेरिंगमला जाते. शेरिंगमला उतरलं की रस्ता ओलांडून समोर नॉर्थ नॉरफोक रेल्वेचं स्टेशन. शेरिंगम ते होल्ट, सव्वापाच मैल. हा मार्ग १९६४ मध्ये सरकारने बंद केला. रेल्वेवर जीव असलेल्या लोकांनी तो वाचवला आणि १९७५ पासून पुन्हा प्रवासी गाड्या सुरू केल्या. तिकीट तपासणारे, सिग्नल ओढणारे, कोळसा टाकणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक.

त्या दिवशी गाडीला ब्लॅक प्रिन्स नावाचं इंजिन होतं, क्रमांक ९२२०३. काळंभोर, दहा मोठी चाकं. बाबा फलाटाच्या टोकापर्यंत गेले आणि वाकून चाकं बघू लागले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "मधल्या जोडीला फ्लँज नाही बघ. एवढं लांब इंजिन वळणात अडकू नये म्हणून." फ्लँज म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी बाहेर आलेली कड. मी पाहिलं, खरंच नव्हती. शेजारी फोटो काढणारे दहा-बारा लोक होते, पण वाकून चाक पाहणारे एकटे बाबाच.

गाडी निघाली. उजवीकडे समुद्र, मध्ये गव्हाची शेतं आणि बांधावर लाल पॉपीची फुलं. मुलं खिडक्यांना चिकटलेली. बाबांचं खिडकीबाहेर लक्ष नव्हतं. डोळे मिटून ऐकत होते. वेबर्नच्या चढाला मध्येच म्हणाले, "इंजेक्टर लावला." थोड्या वेळाने, "आता बंद केला." बॉयलरमध्ये पाणी सोडणारं यंत्र ते. मला ते आवाज वेगळे ऐकूही येत नव्हते.

परत शेरिंगमला आल्यावर इंजिन थोडा वेळ उभं होतं. मुलांना वर चढून बघू देत होते. फायरमनने बाबांनाही हात दिला. वर चढल्यावर बाबांनी भट्टीकडे पाहिलं नाही, लिव्हरला हात लावला नाही. पहिल्यांदा नजर गेली ती पाण्याच्या काचेवर. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची उभी नळी असते, तिच्यावर. त्या फायरमनने ते पाहिलं. बाबांकडे वळून एकच शब्द विचारला, "फायरमन?" बाबा म्हणाले, "फायरमन."

पुढची पंधरा मिनिटं दोघं बोलत होते. बाबांचं इंग्रजी जेमतेम आहे. पण ब्लोअर, डँपर, इंजेक्टर, रेग्युलेटर, क्लिंकर हे शब्द भुसावळच्या शेडमध्ये आणि शेरिंगमच्या फलाटावर एकच आहेत. बाकीचं हातांनी. बाबांनी रिकाम्या हातांनी फावडं कसं धरायचं ते दाखवलं, कोळसा भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात कसा पसरायचा ते मनगट वळवून दाखवलं. तो मान हलवत होता. मग त्याने आपलं फावडं बाबांच्या हातात दिलं. टाकायला नाही, नुसतं धरायला. बाबांनी ते उलटून पाहिलं, पात्याची कड अंगठ्याने चाचपली आणि परत दिलं.

खाली उतरल्यावर बाबांनी मला मनगटावरचा डाग कसा पडला ते सांगितलं. बडनेऱ्याकडे जाताना काच फुटली होती. ३९ वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

पुढच्या दिवशीच्या क्रोमरबद्दल कुणी विचारलं तर प्रतिसादात लिहीन. आता इतकंच.

---

इंजिनवेडा

ताई, दंडवत. काचेचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. काच फुटली की उकळतं पाणी आणि वाफ सरळ अंगावर येते. फायरमनने तेव्हा हात घालून वरचा आणि खालचा कॉक बंद करायचा असतो. डाव्या मनगटावर डाग का, ते यावरून कळतं.

एक गोष्ट तुमच्या बाबांना जरूर सांगा. ब्लॅक प्रिन्स १९५९ साली स्विंडनच्या कारखान्यात बनलं आणि अवघ्या आठ वर्षांत, १९६७ मध्ये सेवेतून काढलं गेलं. डेव्हिड शेफर्ड या चित्रकाराने ते विकत घेऊन भंगारातून वाचवलं. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफ संपवली. आणि तुमचे बाबा नोकरीला लागले ते १९७० मध्ये! त्याच वर्षी चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बनत होतं, डब्ल्यूजी जातीचं, 'अंतिम सितारा' नावाचं. आपल्याकडे ब्रॉडगेजवर वाफ १९९५ पर्यंत टिकली. म्हणजे त्या स्वयंसेवकाने जे छंद म्हणून शिकलं असेल, ते बाबांनी पोटासाठी केलंय, उन्हाळ्यात, खानदेशात. त्याने फावडं हातात दिलं ते उगाच नाही.

---

माजघर

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली.

मला व्यावहारिक शंका आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बोटीत चढउतार किती? आणि स्वयंपाक? त्या बाहेरचं खात नाहीत.

---

नदीकाठ

@माजघर, बोट निवडताना आतल्या पायऱ्या बघा. काही बोटींत पुढून मागे एकाच पातळीवर चालता येतं, काहींत मध्ये तीन-चार उंच पायऱ्या असतात. आम्ही एक बोट सपाट घेतली आणि ज्येष्ठ मंडळी तिच्यात ठेवली. धक्क्यावरून बोटीत येताना एक पाऊल उंच टाकावं लागतं, तिथे दोन बाजूंनी हात द्यायला माणूस हवा. शौचालय लहान असतं, त्याची सवय व्हायला एक दिवस जातो. डेकवर चढायची शिडी मात्र आईने आठवडाभर टाळली आणि तिचं काही अडलं नाही.

स्वयंपाकाचं म्हणाल तर शेगडी गॅसचीच असते, पण ज्योत मंद. भाकऱ्या जमल्या नाहीत, थालीपीठं उत्तम झाली. आम्ही घरून मेतकूट, भाजणी, चटण्या आणि लहान कुकर नेला होता. हॉव्हटनला रॉइज नावाचं मोठं दुकान आहे, भाजीपाला, दूध, सगळं मिळतं. आतल्या भागात मात्र दुकानं तुरळक, तेव्हा तीन दिवसांचं सामान भरून निघा. पिण्याचं पाणी रोज भरून घ्या. आठ माणसांच्या अंघोळीला टाकी पुरत नाही, आम्हाला पाळ्या लावाव्या लागल्या.

---

रानजाई

ब्रॉड्सबद्दल थोडं लिहिते, कारण मला या प्रदेशाचं प्रेम आहे आणि यातलं बरंच तिथे फिरणाऱ्यांनाही माहीत नसतं.

ही तळी नैसर्गिक वाटतात, पण ती माणसांनी खणली आहेत. बाराव्या ते चौदाव्या शतकात या भागात झाडी संपली होती, दाट वस्ती होती, आणि जळणासाठी लोक पीट खणून काढत. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेल्या वनस्पतींचा थर, वाळवला की सरपणासारखा जळतो. पुढे समुद्राची पातळी वाढली, खड्ड्यांत पाणी शिरलं आणि खाणींची तळी झाली. हे विसरूनच गेलं होतं. १९५०च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्यांच्या काठांवर ओळीने शेकडो भोकं पाडून मातीचे नमुने काढले. तळ सपाट निघाला आणि कडा भिंतीसारख्या उभ्या. मध्ये न खणलेल्या पीटचे बांध तसेच राहिलेले. नदीने किंवा हिमनदीने केलेला खड्डा असा नसतो, कुदळीने केलेला असतो.

नदीकाठ, तुम्ही जूनमध्ये हाऊ हिलला गेलात, स्वॅलोटेल फुलपाखरू दिसलं का? पिवळं, काळ्या रेषांचं, मागच्या पंखांना शेपट्या. ब्रिटनमध्ये ते फक्त इथेच प्रजनन करतं, कारण त्याच्या अळीला मिल्क पार्स्ली नावाची पाणथळीतली वनस्पतीच लागते. आणि ती वनस्पती टिकायला बोरू नियमित कापावा लागतो. कापला नाही तर झुडपं वाढतात, मग झाडं, मग पाणथळ संपते. टोड होल कॉटेजमधली हत्यारं वापरणारी माणसं गेली तेव्हापासून ते काम संस्थांना मुद्दाम करावं लागतं.

---

नदीकाठ

@रानजाई, फुलपाखरू दिसलं! ४ वर्षांच्या चिमुरडीलाच पहिल्यांदा दिसलं. आम्हाला ते काय आहे हे माहीत नव्हतं, तिने "पतंगासारखं" म्हटलं आणि आम्ही पुढे गेलो. आता तिच्या आईला तुमचा प्रतिसाद पाठवते.

---

दर्याकिनारा

आमच्याकडे गुहागरला खाडी, होडी आणि समुद्र लहानपणापासून, त्यामुळे हे वाचताना बरं वाटलं. क्रोमरबद्दल लिहा ना. इंग्लंडचा समुद्र मी फक्त ब्रायटनला पाहिलाय, तिथे नुसते गोटे. पोहता येतं का?

---

नदीकाठ

@दर्याकिनारा, पाणी जूनमध्येही असं गार की पोटऱ्या बधिर होतात. मुलं कमरेपर्यंत गेली, मोठ्यांनी पाय भिजवले. क्रोमरलाही वर गोटे आहेत, पण ओहोटीला खाली छान वाळू उघडी पडते. भरतीचं वेळापत्रक पाहून जा.

आमचा वेळ खरा गेला तो पिअरवर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या लांब धक्क्यावर. क्रोमरचा पिअर १९०१ सालचा, टोकाला नाट्यगृह आणि त्यामागे लाइफबोटीचं, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटीचं घर. पिअरच्या कठड्यावरून मुलं चिंबोऱ्या पकडतात. दोरीला जाळीची छोटी पिशवी, तिच्यात मांसाचा तुकडा, आणि बादलीत समुद्राचं पाणी. दोरी सोडायची, तळाला टेकली की थांबायचं, आणि मग अगदी सावकाश वर ओढायची. घाई केली की पाण्याबाहेर येताक्षणी चिंबोरी सुटून टप्पकन खाली. आमच्या मुलांच्या पहिल्या सहा-सात अशाच गेल्या. शेजारी एक आजोबा नातवाबरोबर बसले होते, त्यांनी दोरी दोन बोटांत कशी धरायची ते दाखवलं. मग एकदम जमलं. बादलीत एका वेळी पाच-सहांपेक्षा जास्त ठेवू नका, एकमेकींशी भांडतात म्हणून, आणि पाणी सावलीत ठेवा. तासाभराने सगळ्या परत सोडायच्या. मुलांनी प्रत्येकीला नाव दिलं होतं, सोडताना निरोप घेतला.

आणि तुम्ही कोकणातले म्हणून मुद्दाम सांगते. इथला किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. त्यामुळे जूनच्या मध्यावर सूर्य समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो. आपण आयुष्यभर समुद्रात फक्त मावळताना पाहिलेला. आम्ही रात्री नऊच्या पुढे धक्क्यावर बसून होतो, व्हिनेगर घातलेल्या गरम चिप्स खात. उगवताना पाहायला पहाटे साडेचारला कुणी उठलं नाही, याची चुटपुट राहिली.

---

दर्याकिनारा

हे वाचूनच जायचं ठरवलं. क्रोमरच्या लाइफबोटीचा उल्लेख केलात म्हणून भर घालतो. हेन्री ब्लॉग नावाचा खेकडे पकडणारा कोळी तिथला. ५३ वर्षं लाइफबोटीवर होता, त्याच्या काळात ८७३ जीव वाचवले, तीन सुवर्णपदकं मिळाली. उत्तर समुद्रात त्या काळी वल्ह्यांची बोट घेऊन वादळात जायचं म्हणजे काय, हे आमच्या गावच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आमच्याकडे अजूनही श्रावणातल्या पौर्णिमेपर्यंत होडी बाहेर काढत नाहीत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच.

---

अनुस्वार

धागा छान आहे, पण एक वेगळं मत मांडतो. १६ जणांना एका आठवड्यासाठी दोन बोटी, तेही शाळेच्या सुट्टीत, हा खर्च बराच होतो. शिवाय मराठी कुटुंबांत ज्येष्ठांना दाटीवाटीत झोपवणं मला बरं वाटत नाही. आम्ही डेव्हनला गेलो होतो. पेन्टनला एक मोठं घर भाड्याने घेतलं. तिथून वाफेची गाडी किंग्जवेअरला जाते, सुरुवातीला समुद्राच्या कडेकडेने. किंग्जवेअरला उतरून फेरीने डार्ट नदी ओलांडली की डार्टमथ. मग डार्ट नदीतून टॉटनेसपर्यंत बोट. एकाच दिवसात गाडी, होडी, समुद्र तिन्ही झालं, आणि रात्री प्रत्येकाला आपापली खोली. वडीलधाऱ्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, हे नियोजन करताना तरुण मंडळी विसरतात.

---

नदीकाठ

@अनुस्वार, रात्रीचा मुद्दा अगदी बरोबर. आम्ही ज्येष्ठांना शौचालयाला लागून असलेल्या केबिन दिल्या, तरी एका काकांना पहिल्या दोन रात्री झोप लागली नाही. खर्चही खरा आहे. शाळेची सुट्टी टाळता येत नसेल तर तुमचा मार्ग चांगला.

पण एक फरक मला जाणवला. भाड्याच्या घरात संध्याकाळी मुलं एका खोलीत, पुरुष टीव्हीपुढे, बायका स्वयंपाकघरात. बोटीत तशी जागाच नाही. पीठ मळणारा, सुकाणू धरणारा, दोरी गुंडाळणारा, सगळे एकमेकांच्या हाताशी. माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या साडूने मिळून आठवडाभर भांडी घासली, कारण नळ सुकाणूच्या शेजारी होता.

---

पाऊलवाट

आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. दोन सूचना.

पॉटर हायमचा जुना पूल चौदाव्या शतकातला, कमान अगदी बुटकी. आम्ही गेलो तेव्हा भाड्याची बोट तिथून स्वतः न्यायला परवानगी नव्हती, बोट पार करून देणारा स्थानिक पायलट घ्यावा लागायचा, आणि पाणी चढलेलं असेल तर तोही नाही म्हणायचा. पुलापलीकडचं हिकलिंगचं तळं बघायचंच असेल तर पर्यायी बेत ठेवा.

दुसरं, ग्रेट यार्मथ. उत्तरेच्या नद्यांतून दक्षिणेला जायचं तर यार्मथवरून आणि ब्रेडन वॉटरमधून जावं लागतं. तिथे भरती-ओहोटीची ओढ जबर असते. बोटयार्डने सांगितलेल्या वेळेलाच पार करायचं, म्हणजे ओहोटी संपून पाणी थबकतं तेव्हा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, मुलं बरोबर असताना, दक्षिणेचा मोह सोडावा असं माझं स्पष्ट मत. उत्तरेत आठवडा कमीच पडतो. यार्मथचा समुद्रकिनारा बघायचा तर बसने जा.

---

लिंबूटिंबू

माझा मुलगा ५ वर्षांचा, थॉमस इंजिनाचा भक्त. शेरिंगमची गाडी त्याला आवडेल का, की त्याच्यासाठी लहान काही आहे?

---

नदीकाठ

@लिंबूटिंबू, त्याच्यासाठी ब्युअर व्हॅली रेल्वे! ती रॉक्समहूनच निघते, मोठ्या स्टेशनाच्या अगदी शेजारून. रुळांमधलं अंतर फक्त १५ इंच. आपली माथेरानची गाडी २ फुटांची, म्हणजे ही तिच्याहूनही लहान, पण इंजिन खरं, वाफेवर चालणारं. एल्शमपर्यंत ९ मैल, पाऊण तास. जुन्या बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर १९९० मध्ये ही घातली. एल्शमला इंजिन फिरत्या चकतीवर आणतात आणि माणूस ढकलून ते वळवतो. मुलं कठड्याला लटकून ते बघतात. आमच्या ४ वर्षांच्या चिमुरडीने घरी आल्यावर पोळपाटावर तेच केलं.

---

भुसावळकर

बऱ्याच वर्षांनी इथे लॉग-इन केलं, हा धागा बहिणीने पाठवला म्हणून.

माझे आजोबा त्याच शेडला होते, तुमच्या बाबांच्या आधी काही वर्षं. शेडचा भोंगा झाला की आमच्या गल्लीत घड्याळं लावायचे. आजोबा घरी आले की आजी आधी गरम पाणी आणि खोबरेल तेल ठेवायची, डोळ्यांतली कोळशाची कणी काढायला पदराचं टोक. त्यांच्याही हातावर असे डाग होते आणि त्यांनीही कधी काही सांगितलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

ताई, एक विनंती. बाबा बोलायला लागले आहेत तर रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्या गाड्या, कोण ड्रायव्हर, कुठे पाणी भरायचं, बडनेऱ्यापर्यंत किती कोळसा लागायचा. सगळं.

---

नदीकाठ

@भुसावळकर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आजोबांचं आडनाव विचारलं. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते आहे, बाबा ओळखत असावेत असं त्यांना वाटतंय.

रेकॉर्डिंग कालच सुरू केलं. पहिला तासभर फक्त इंजिन धुण्यावर गेला. क्लीनर असताना चाकांच्या आतल्या बाजूला कापसाच्या चिंध्या आणि तेल घेऊन कसं शिरायचं, आणि शिरण्याआधी खडूने इंजिनावर 'माणूस आत आहे' असं कसं लिहून ठेवायचे, ते.

पुढच्या जूनसाठी बोट बघते आहे. एका बोटीत चार जागा आहेत, इथल्या कुणाला यायचं असेल तर निरोप करा. वार आणि मार्ग सगळ्यांच्या सोयीने ठरवू, फक्त शेरिंगमचा दिवस हलणार नाही. बाबांनी पुढच्या वेळी त्या फायरमनसाठी भुसावळची केळीची वेफर्स आणायची ठरवली आहेत.